सदुसष्टाव्या घराचं कूळ

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं. त्या पटाला आणखी तीन घरं जोडली, तर एकूण दाणे होतात १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे दोनचा सदुसष्टावा घात, वजा एक. संख्येचं कूळ म्हणजे तिचे मूळ अवयव, आणि या एकवीस अंकी संख्येचं कूळ सापडायला २५९ वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते पॅरिसमधल्या मारँ मेर्सेन या धर्मगुरूपासून. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, की तिच्यापासून ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण संख्या बनवता येते, हे युक्लिडपासून माहीत होतं. मग असे घात कोणते? १६४४ मध्ये मेर्सेन यांनी २५७ पर्यंतची यादी छापली आणि तिच्यात ६७ घातला. म्हणजे ही संख्या मूळच, तिला दुसरं कूळ नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षं तो शब्द कोणी खोडू शकलं नाही.

१८७६ मध्ये फ्रान्सच्याच एदुआर ल्युका यांनी तो खोडला. त्यांच्या कसोटीचं मला आजही नवल वाटतं: एकही अवयव न शोधता ती संख्या संयुक्त आहे एवढं नक्की सांगते. आईबाप आहेत हे ठरलं, पण ते कोण याचा पत्ता नाही. अशा अवस्थेत ती संख्या आणखी २७ वर्षं राहिली.

शोधायचं तरी कुठे? एक वाट ठाऊक होती. घात ६७ असेल, तर प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. छोटं उदाहरण घ्या. घात ११ असेल तर संख्या २०४७ होते. तिचे अवयव २३ आणि ८९, आणि दोघांनाही २२ ने भागलं की बाकी १. शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी, म्हणजे १३४ च्या शिडीच्या निम्म्या पायऱ्या गळतात. तरीही हवा तो धाकटा अवयव बसला होता १४,४५,५८० व्या पायरीवर. एकेक पायरी भागत चढणं कागदपेन्सिलीने होण्यासारखं नव्हतं, म्हणून कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गांच्या बाक्यांचा आधार घेऊन चाळण आणखी बारीक केली.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोल फळ्यापाशी गेले. पुढचं सगळं गणितज्ञ एरिक टेंपल बेल यांनी खूप वर्षांनी सांगितलेलं आहे, तेव्हा त्यात थोडी रंगत भरली असेल. कोल यांनी न बोलता २ चा ६७ वा घात काढला, त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागावर १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं अंकाला अंक जुळली. एक शब्दही न उच्चारता ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वेळ लागला, असं बेल यांनी विचारल्यावर कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

तीन वर्षांचे रविवार आणि काही मिनिटांचा गुणाकार. शोधणं आणि पडताळणं यांतल्या याच तफावतीवर पुढे इंटरनेटची गुप्तलिपी उभी राहिली. तिथल्या संख्या शेकडो अंकी असतात.

कोल यांचा गुणाकार आपणही नवाच्या ताळ्याने, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत, तपासू शकतो. ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबरच असं नाही, पण न जुळलेला ताळा चूक पकडतो. कोल यांच्या पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तिची १०, तिची १. दुसऱ्याची ६४, तीही १० वरून १ वर येते. एके एक. आता वरच्या एकवीस अंकांची बेरीज करा: १०९, मग १०, मग १.