भूक व वजननियंत्रण

शरीराला अन्नाची गरज असल्याची जाणीव करून देणारी संवेदना म्हणजे भूक. पोटात कावळे ओरडणे, हातपाय गळून जाणे, डोके दुखणे, चिडचिड होणे ही तिची परिचित लक्षणे होत. पोट भरलेले असतानाही समोर आलेली जिलेबी खावीशी वाटते, ती अन्नवासना. तिचे मूळ गरजेपेक्षा चव, वास, सवय, सोबत आणि मनःस्थिती यांत असते. जेवताना ‘आता पुरे’ असे वाटून हात थांबतो, ती तृप्ती. आहार सुधारून उतरवलेले वजन टिकवण्याचा प्रश्न या तिन्हींशी निगडित आहे. वजन उतरल्यावर वाढणारी भूक ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. तिला मनाचा दुबळेपणा मानण्याची जुनी समजूत संशोधनाच्या कसोटीला उतरलेली नाही.

इतिहास : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात भुकेची गणना अडवून धरू नयेत अशा १३ नैसर्गिक वेगांत केलेली आहे. त्याच स्थानातील अतिस्थूलांविषयीच्या विवेचनात, मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरून अग्नी प्रदीप्त करतो, अन्न चटकन पचते आणि पुन्हा खावेसे वाटते, अशी मीमांसा आहे. अशा व्यक्तीला पचायला जड पण पोषण कमी करणारे अन्न द्यावे, असे सांगून जव, कोद्रा, मूग, कुळीथ यांसारखी धान्ये व कडधान्ये सुचवली आहेत. ही कारणमीमांसा आजच्या शरीरक्रियाविज्ञानाची नव्हे. मात्र भूक मारण्याऐवजी ती वेगळ्या अन्नाने भागवावी, ही दिशा आजच्या आहारशास्त्राला जवळची आहे.

आधुनिक प्रयोगांची सुरुवात जठरापासून झाली. वॉल्टर कॅनन आणि ए. एल. वॉशबर्न यांनी १९१२ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वॉशबर्न यांनी गिळलेल्या फुग्याच्या साहाय्याने जठराच्या आकुंचनांची नोंद घेतली, तेव्हा ती भुकेच्या कळांशी जुळली. पण जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते, त्यामुळे शोध मेंदूकडे वळला. हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी १९४० मध्ये उंदरांच्या अधश्चेतकाच्या (हायपोथॅलॅमसच्या) मधल्या भागाला इजा केल्यावर ते बेसुमार लठ्ठ होतात, असे दाखवले. बालकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी १९५१ मध्ये येल विद्यापीठात त्याच्या बाजूच्या भागाला इजा केली, तेव्हा उंदरांनी खाणेच सोडले. आनंद यांनी पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञान विभागाची उभारणी केली. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेप्टिनचे जनुक शोधले, तर मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी १९९९ मध्ये जपानमध्ये घ्रेलिन हे संप्रेरक शोधले.

शरीरक्रिया : घ्रेलिन मुख्यतः जठरातून स्रवते. जेवणाच्या ठरलेल्या वेळेपूर्वी त्याचे रक्तातील प्रमाण चढते आणि जेवणानंतर उतरते. त्यामुळे रोज एक वाजता जेवणाऱ्याला एकच्या सुमारास भूक लागते, आणि वेळ टळून गेली की ती काही काळ मंदावते. जठर ताणले गेले की व्हेगस चेता मेंदूला तसा संदेश पाठवते. अन्न लहान आतड्यात उतरू लागले की कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ आणि पेप्टाइड वायवाय ही संप्रेरके स्रवतात. त्यांच्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि तृप्ती येते. या संदेशांना काही मिनिटे लागत असल्याने भराभर जेवणारा गरजेपेक्षा जास्त खाऊन जातो.

लेप्टिन चरबीच्या पेशींत तयार होते आणि शरीरात किती साठा आहे हे मेंदूला कळवते. ते कमी झाले की अधश्चेतकातील भूक वाढवणाऱ्या चेतापेशी सक्रिय होतात आणि भूक शमवणाऱ्या पेशी मंदावतात. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मुलांना त्याच्या इंजेक्शनांनी विलक्षण गुण येतो. सर्वसाधारण लठ्ठ व्यक्तीच्या रक्तात मात्र लेप्टिन मुळातच भरपूर असते आणि मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. म्हणून लेप्टिन हे लठ्ठपणावरचे सरसकट औषध होऊ शकले नाही.

झोपेचाही भुकेशी संबंध आहे. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना लागोपाठ दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढ वाढली (२००४).

वजन उतरल्यानंतरची भूक : ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी पुरुषांवर केलेला प्रयोग या विषयात पायाभूत ठरला. लष्करी सेवा नाकारलेले तरुण युद्धग्रस्त युरोपातील उपासमारीवर उपाय शोधण्यासाठीच्या या प्रयोगात स्वेच्छेने सामील झाले होते. २४ आठवडे त्यांना बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असा निम्म्यावर आणलेला आहार देण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. हे तरुण ताटल्या चाटून पुसून ठेवत, एकेक घास लांबवत, पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसत. अन्न पुन्हा मुबलक मिळू लागल्यावरही त्यांच्यातील अनेकांची भूक कित्येक आठवडे भागेना. पोट तुडुंब भरूनही खात राहावेसे वाटे.

मेलबर्न येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींना १० आठवडे अतिशय कमी ऊर्जेचा आहार दिला होता. त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किग्रॅ. उतरले. वर्षभरानंतर काही वजन परत आले होते, तरीही घ्रेलिन चढलेले, लेप्टिन उतरलेले आणि भूक पूर्वीपेक्षा तीव्र असल्याचे आढळले. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या गणितानुसार उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा दैनंदिन ऊर्जाखर्च २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो, तर खाण्याची ओढ सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते. ‘चयापचय मंदावला म्हणून वजन परत आले’ ही तक्रार खोटी नसते. पण भुकेचा रेटा त्याच्या तिपटीहून अधिक असतो. शिवाय वजन उतरते तेव्हा चरबीच्या पेशी आकाराने लहान होतात, त्यांची संख्या मात्र जवळपास तेवढीच राहते.

यावरून आहाराविषयी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. अर्धपोटी राहून उतरवलेले वजन अर्धपोटी राहूनच टिकवावे लागेल, आणि तसे वर्षानुवर्षे कोणाला जमत नाही. कमी ऊर्जेत पोट भरेल आणि आवडीने खाता येईल असा आहार सुरुवातीपासूनच बसवावा लागतो.

तृप्ती देणारा आहार : कोणते अन्न किती भूक भागवते याची मोजणी सुझान होल्ट यांनी १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात केली. ३८ पदार्थांचे समान ऊर्जेचे वाटे (सुमारे २४० किलोकॅलरी) खायला देऊन पुढचे दोन तास तृप्ती नोंदवली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३, तर लोण्याच्या क्रोसाँला ४७ गुण मिळाले. वजन कमी करणारे ज्याला प्रथम ताटाबाहेर काढतात तो बटाटा यादीत सर्वांत वर होता. तोच तळून वेफर केला की पाणी जाते, तेल येते आणि चित्र पालटते.

अन्नातील पाणी, तंतू (चोथा) आणि प्रथिने तृप्ती वाढवतात. स्निग्ध पदार्थ दर ग्रॅममागे ९, तर प्रथिने व कर्बोदके ४ किलोकॅलरी देतात; पाणी व तंतू जितके जास्त तितकी घासागणिक ऊर्जा कमी. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅ., शेव-फरसाणातून अडीचशेहून अधिक किलोकॅलरी मिळतात आणि ते चहाबरोबर बोलता बोलता संपते. त्याऐवजी ३० ग्रॅ. कोरड्या मटकीची चमचाभर तेलातली वाटीभर उसळ आणि दही घातलेली काकडीची कोशिंबीर घेतली, तर सगळे मिळून २०० किलोकॅलरींच्या आसपास जाते. ते चावून खायला वेळ लागतो आणि पुढचे दोन-तीन तास पोटाला आधार राहतो. भाकरी, पातळ भाजी, वरण, उसळ, कोशिंबीर, ताक असे नेहमीचे मराठी जेवण या दृष्टीने सोयीचे आहे. त्याचा तोल बिघडतो तो भाताचा ढीग, भाजीवरचा तेलाचा तवंग, वरून धरलेली तुपाची धार आणि दोन जेवणांमधला चहा-बिस्किटांचा रतीब यांमुळे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताटातील निम्मा भाग भाज्या व फळांचा असावा. मराठी ताटात भाजी व कोशिंबीर बहुधा तोंडी लावण्यापुरतीच असते. हे प्रमाण उलटे करणे हाच पुष्कळांच्या बाबतीत सर्वांत मोठा बदल ठरतो.

अन्न कितपत प्रक्रिया केलेले आहे, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० व्यक्तींना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले (२०१९). वाढलेल्या जेवणांत ऊर्जा, साखर, मेद, मीठ व तंतू यांचे प्रमाण जुळवलेले असूनही पहिल्या प्रकारात लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. वजन राखण्याच्या टप्प्याविषयी युरोपातील आठ देशांत झालेली ‘डायोजिनीस’ चाचणी (२०१०) महत्त्वाची आहे. वजन उतरवलेल्या ७७३ प्रौढांपैकी ज्यांच्या आहारात प्रथिने थोडी जास्त आणि रक्तशर्करा सावकाश वाढवणारी कर्बोदके होती, त्यांनी २६ आठवडे वजन उत्तम राखले.

उपवास व जेवणाच्या वेळा : ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आहारशास्त्राच्या दृष्टीनेही समर्पक आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो; त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडला की उपवासाची खिचडी ऊर्जेत रोजच्या जेवणाला मागे टाकते. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारात आणलेली, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. याउलट ऋजुता दिवेकर यांचा भर घरचे पारंपरिक अन्न थोड्या थोड्या अंतराने खाण्यावर आहे. चीनमधील ग्वांगजौ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या चाचणीत (२०२२) दोन्ही गटांना ऊर्जेची सारखीच मर्यादा होती आणि एका गटाने आठ तासांच्या आतच खाण्याचे बंधन पाळले. दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक पडला नाही. दोन जेवणे मानवत असतील तर मधले चरणे आपोआप थांबते, हा त्यांचा लाभ आहे. ज्यांना दुपारपर्यंत उपाशी राहिल्यावर रात्री भान राहत नाही, त्यांनी तीन वेळा जेवलेले बरे.

वजन राखणाऱ्यांच्या सवयी : रेना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या राष्ट्रीय वजननियंत्रण नोंदवहीत किमान १३.६ किग्रॅ. वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या व्यक्तींची नोंद होते. त्यांतील बहुसंख्य रोज नाश्ता करतात, आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, दूरचित्रवाणी कमी पाहतात आणि दिवसाला सुमारे तासभर व्यायाम करतात. या स्वतःहून नोंदवलेल्या सवयी आहेत. त्यांतील प्रत्येक सवय वजन टिकण्याचे कारणच असेल असे नाही. मधुमेहींवरील ‘लुक अहेड’ या अमेरिकी चाचणीत आहार, व्यायाम आणि नियमित पाठपुरावा मिळालेल्यांपैकी निम्म्या व्यक्तींनी आठ वर्षांनंतरही किमान पाच टक्के घट राखली होती. म्हणजे उतरलेले वजन परत येतेच असे नाही. पण जिथे पाठपुरावा थांबत नाही आणि एक-दोन किलो वाढताच हालचाल केली जाते, तिथे यश जास्त दिसते.

भारतीय संदर्भ : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांमधील ‘वरून कृश, आतून मेदयुक्त’ देहरचनेकडे लक्ष वेधले. २००४ मध्ये त्यांनी व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली : दोघांचा देहभार निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. अशा देहरचनेमुळे भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी.च्या आत असावा असे मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) २४ टक्के स्त्रियांचा निर्देशांक २५ किंवा अधिक, तर सुमारे १९ टक्के स्त्रियांचा १८.५ पेक्षा कमी होता. वजन घटवण्याचा सल्ला सरसकट देता येत नाही, तो यामुळे.

औषधोपचार : जीएलपी-१ प्रमाणे कार्य करणारी सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही औषधे भूक कमी करतात; भारतात वजनासाठी ती २०२५ पासून उपलब्ध झाली. सेमाग्लुटाइडच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातील सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

दक्षता : वाढत्या वयाची मुले, गरोदर व स्तनदा माता, अशक्त वृद्ध आणि इन्सुलिन किंवा रक्तशर्करा घटवणारी औषधे घेणारे मधुमेही यांनी स्वतःच्या मनाने जेवण तोडू नये. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने वाढवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. खाणे आवरत नाही, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी केली जाते किंवा प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरते, अशा वेळी प्रश्न आहाराच्या तक्त्याने सुटणारा नसतो. तपासणी लवकर करून घ्यावी.