१८ मे : ‘जय मल्हार’ मालिकेचा प्रारंभ

२०१४ साली आजच्या दिवशी झी मराठीवर ‘जय मल्हार’ सुरू झाली. निर्मिती कोठारे व्हिजनची. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, तर ईशा केसकर बानू. वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बानू यांच्यातला तिढा हाच मालिकेचा खरा जीव. वाघ्या-मुरळींनी जागरणात पिढ्यान्‌पिढ्या गायिलेली ही कथा. खानदेशात खंडोबा अनेकांचं कुलदैवत. नंदुरबारकडेही चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी ठेवून ‘येळकोट’च्या गजरात तळी उचलली जाते. पाठोपाठ दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार! अश्वारूढ देवाची मालिका इथे आपलीच वाटणार. ती १५ एप्रिल २०१७ पर्यंत चालली.