ज्यू सणांतील दिवे, स्वयंपाक आणि लहान मुले

ज्यू सणांत ज्योत हा धर्माचाराचाच भाग असल्याने ‘खोलीबाहेर जाताना मेणबत्ती विझवावी’ हा नेहमीचा सल्ला तेथे लागू पडत नाही. शब्बाथच्या मेणबत्त्या शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी, बहुतेक ठिकाणी १८ मिनिटे आधी लावतात. त्यानंतर त्या हलवायच्या वा विझवायच्या नसतात. म्हणून सारी दक्षता काडी ओढण्यापूर्वीच घ्यावी लागते.

दिवे उंच, स्थिर जागी, धातूच्या तबकात ठेवावेत. लोंबणारे मेजपोश टाळावे; रांगते मूल आधार म्हणून तेच ओढते. हनुक्काचे दिवे खिडकीत ठेवण्याची प्रथा आहे, तेव्हा पडदे आधीच बांधून घ्यावेत. या सणात पहिल्या रात्री सेवकदिव्यासह दोन ज्योती असतात, आठव्या रात्री नऊ; आठ रात्रींत एकूण ४४ मेणबत्त्या जळतात. मुलांना दिवा लावू देणे हा या सणाचा आनंदच आहे. तो हिरावू नये. मात्र केस बांधलेले, बाह्या आखूड आणि शेजारी मोठे माणूस असावे. काडेपेटी व लायटर मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

हनुक्कात लाटके, सुफगानियोत असे तळणीचे पदार्थ होतात. शेगडीभोवती सुमारे एक मीटर अंतरात मूल येऊ देऊ नये. कढई मागच्या बर्नरवर ठेवावी, भांड्यांचे दांडे आत वळवावेत. तेल पेटल्यास गॅस बंद करून झाकण घालावे. पाणी कदापि ओतू नये.

शब्बाथला नवा विस्तव पेटवता येत नाही, म्हणून अनेक घरांत अन्न गरम ठेवणारी विजेची तबकडी रात्रभर चालू असते. मार्च २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अशाच तबकडीतून लागलेल्या आगीत एका कुटुंबातील सात मुले दगावली. त्या घरात धुराची सूचना देणारे यंत्र केवळ तळघरात होते. हे यंत्र प्रत्येक मजल्यावर, विशेषतः निजण्याच्या खोल्यांजवळ, असावे.

भाजल्यास २० मिनिटे वाहते गार पाणी सोडावे, बांगड्या व सैल कपडे काढावेत, चिकटलेले कापड तसेच राहू द्यावे. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. चेहरा, हात वा गुप्तांग भाजले असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

जीव वाचवण्यापुढे शब्बाथचे निर्बंध गळून पडतात, असे ज्यू धर्मशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. आग विझवणे, दूरध्वनी करणे, वाहनाने जाणे हे अशा वेळी कर्तव्यच ठरते. भारतात अग्निशमनासाठी १०१ आहे. इस्रायलमध्ये मात्र १०१ वर रुग्णवाहिका येते आणि अग्निशमनासाठी १०२ लागतो. कोकण, मुंबई वा ठाण्याहून तेथे नातवंडांकडे सणाला जाणाऱ्या बेने इस्रायली आजी-आजोबांनी हा फरक टिपून ठेवावा.