सह्याद्रि आणि विमानें : अपघातांच्या साधनांचा विचार

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत विमानांविषयींचा लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. ताम्रपट, बखरी, मोडी कागद, शिलालेख हा आमचा नित्याचा प्रांत. त्यांत या यांत्रिक पक्ष्याचें काय काम, असा आक्षेप आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं घेतलाहि. त्यांस आम्हीं उत्तर दिलें तें असें, कीं सह्याद्रीच्या घाटवाटांचा इतिहास हा जर आमचा विषय असेल, तर त्यांतील सर्वांत अलीकडची वाट आकाशांतून जाते, आणि तिच्यावरहि माणसें मृत्युमुखीं पडलीं आहेत. संस्कृताच्या अध्यापनांत आमचें आयुष्य गेलें असलें तरी विमानांचें वेड आम्हांस लहानपणापासून आहे, आणि सेवानिवृत्तीनंतर अपघातांच्या चौकश्यांचे निष्कर्ष वाचणें हा आमचा व्यासंग झाला आहे. त्या वाचनांतून जें एक सूत्र हातीं आलें तें येथें मांडतों.

प्रथम या वाटेचा आरंभ पाहूं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं पस मॉथ जातीचें लहानसें विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणलें व जुहूच्या मैदानावर उतरविलें. तेथून पुढें मद्रासपर्यंतचें टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं नेलें. जुहूचें मैदान समुद्रालगत असल्यामुळें पावसाळ्यांत भरतीचें पाणी त्यांत शिरे. म्हणून त्या दिवसांत वैमानिक, कारागीर व विमानें यांचा मुक्काम घाटमाथा ओलांडून पुण्यास येई, आणि येरवड्यास तुरुंगाच्या शेजारच्या मैदानावर विमानें उतरत. पावसाळ्यांत मोहीम थांबवून छावणी करावी व दसऱ्यास सीमोल्लंघन करावें, ही आपल्याकडील जुनी रीत. विमानासहि या देशीं येतांच ऋतूची ती सत्ता मान्य करावी लागली. त्या काळीं विमानें लहान, वेग बेताचा, आणि वैमानिक डोंगर डोळ्यांनीं पाहून मार्ग काढणारा. पुढें विमान मोठें झालें, रात्रीं व मेघांतून जाऊं लागलें. डोंगर मात्र होता तेथेंच राहिला.

याचा पहिला दारुण प्रत्यय १२ जुलै १९४९ रोजीं आला. के. एल. एम. या डच कंपनीचें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान बटाविया येथून हॉलंडकडे जात असतां मुंबईस उतरण्याच्या बेतांत होतें. भर पावसाळ्याचे दिवस. घाटकोपरच्या सुमारें सातशें फूट उंचीच्या टेकडीवर तें आदळलें आणि त्यांतील ४५ जण मरण पावले. इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकन वृत्तपत्रकार त्यांत होते. तेरा वर्षांनीं, ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीं, अलितालिया या इटालियन कंपनीचें डी. सी. ८ जातीचें जेट विमान सिडनीहून रोमकडे जातांना बँकॉक सोडून मुंबईस येत होतें. मुंबईच्या ईशान्येस सुमारें ५२ मैलांवर, जुन्नरकडील डोंगरांत, तें आदळलें. विमानांतील ९४ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं.

या दुसऱ्या अपघाताशीं आमच्या एका प्रमादाचा संबंध आहे, व तो सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. आम्ही जुन्नर तालुक्यांतील एका शाळेवर कांहीं वर्षें शिक्षक होतों. एकदां मुलांस घेऊन नाणेघाटांतील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख दाखविण्यास गेलों असतां वाटेंत एका मुलानें विचारलें, "सर, आमचे आजोबा सांगतात, इकडच्या डोंगरांत विमान पडलं होतं. एवढ्या मोठ्या आभाळात त्याला आमचाच डोंगर कसा सापडला?" आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "अरे, यालाच काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गांठ पडली. दैव, दुसरं काय!" मुलांस एक न्याय शिकविल्याच्या समाधानांत आम्ही पुढें चालूं लागलों. तो मुलगा मात्र कांहीं वेळ डोंगराकडे पाहात राहिला.

पुष्कळ वर्षांनीं त्या अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष आमच्या वाचनांत आला. वैमानिकांनीं आपलें स्थान चुकीचें धरलें होतें. मुंबई वस्तुतः होती त्याहून जवळ आली असें समजून ते रात्रीं, आंधळ्या हवेंत, अकालीं खालीं उतरूं लागले. स्थाननिश्चितीचीं जीं साधनें उपलब्ध होतीं त्यांचा उपयोग झाला नाहीं. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीचें उल्लंघन झालें. आणि त्या मार्गावरील भूप्रदेश वैमानिकाच्या परिचयाचा नव्हता. विमान आदळलें तें सुमारें ३६०० फूट उंचीवर. याच भागांतील हरिश्चंद्रगड ४६०० फुटांहून उंच आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पन्नास मैल म्हणजे जेट विमानास दहा मिनिटांच्या आंतबाहेरचें अंतर. परंतु तेवढ्या अंतरांत कोंकण संपतें आणि घाटमाथा उभा राहतो. कोंकणपट्टीवर जी उंची निर्भय, तीच येथें प्राणघातक ठरते.

तेव्हां डोंगर विमानास योगायोगानें सांपडला नव्हता. पूर्वेकडून मुंबईस येणारें जें विमान लवकर खालीं उतरेल त्याच्या वाटेंत ही भिंत आडवी येणारच. आम्हीं त्या मुलास काकतालीय न्याय सांगितला तेथें कार्यकारणभाव सांगावयास हवा होता. जेथें कारण शोधितां येतें तेथें दैवाचें नांव घेणें हा नुसता बुद्धीचा आळस नव्हे. पुढच्या विमानांतील माणसांवर तो अन्याय आहे.

कारण शोधतांनाहि पहिल्या कारणापाशीं थांबून चालत नाहीं. "वैमानिकाची चूक" हे दोन शब्द लिहून पुष्कळदां विषय संपविला जातो. २६ एप्रिल १९९३ रोजीं औरंगाबादेहून उडालेलें इंडियन एअरलाइन्सचें बोइंग ७३७ धांवपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून कापसाच्या गांठी घेऊन जाणाऱ्या मालमोटारीवर आदळलें व ११८ पैकीं ५५ माणसें गेलीं. विमान जमिनीवरून उचलण्यास वैमानिकांनीं उशीर केला, हें चौकशींत ठरलें. परंतु उड्डाणाच्या वेळीं त्या बीड रस्त्यावरील रहदारीचें नियमन झालें नव्हतें, हेंहि तितक्याच स्पष्टपणें कारण म्हणून नोंदलें गेलें. केवळ पहिलें कारण धरलें असतें तर वैमानिक बदलले असते, रस्ता तसाच राहिला असता.

साक्षींचा परस्परविरोध हा तर आमच्या शास्त्राचा नित्याचा प्रश्न. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं एअर इंडियाचें "एम्परर अशोक" हें बोइंग ७४७ मुंबईहून दुबईस निघालें आणि थोड्याच वेळांत वांद्र्यासमोर समुद्रांत कोसळलें. २१३ जण मृत्यु पावले. विमान कोणत्या बाजूस किती कललें आहे तें दाखविणारें, मुख्य वैमानिकासमोरचें यंत्र बिघडलें होतें. विमान समतल असतां तें उजवीकडे कललें आहे असें यंत्र सांगत राहिलें, आणि वैमानिकानें त्यावर विसंबून विमान डावीकडे वळवीत नेलें. खालीं काळा समुद्र, वर काळें आकाश. डोळ्यांस क्षितिज दिसेना, आणि अशा वेळीं शरीराची तोल जाणण्याची शक्तिहि फसवी ठरते. नैयायिकांनीं प्रत्यक्षाचें लक्षण सांगतांना तें अव्यभिचारी असावें अशी अट घातली आहे. तिचें मोल येथें कळतें. सहवैमानिकासमोर तसेंच दुसरें यंत्र होतें, मध्यभागीं तिसरें होतें. तिन्ही साक्षी ताडून पाहण्यास क्षणभराचाच अवधि होता. विमानावरील अभियंता तिसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधूं पाहात होता, तोंच काळ संपला. एकाच बखरीवर विसंबून लिहिणाऱ्या इतिहासकाराची चूक पुढील पिढी दुरुस्त करते. वैमानिकास पुढील पिढी नसते.

परंतु या सर्वांत जी गोष्ट आम्हांस अधिक अस्वस्थ करते ती अमेरिकेंत घडलेली आहे. आमच्या सूत्राचें तेंच सर्वांत स्पष्ट उदाहरण असल्यामुळें तें सह्याद्रीबाहेरचें असूनहि देतों. १ डिसेंबर १९७४ रोजीं वॉशिंग्टनकडे येणारें टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें बोइंग ७२७ व्हर्जिनिया प्रांतांतील एका डोंगरावर आदळून ९२ जण दगावले. उतरण्याची जी अनुज्ञा मिळाली तिचा अर्थ वैमानिकांनीं एक घेतला, जमिनीवरील नियंत्रकाच्या मनांत दुसरा होता. शब्दप्रमाणाचा असा घात क्वचितच झाला असेल. पुढें चौकशींत उघड झालें, कीं सुमारें सहा आठवड्यांपूर्वीं दुसऱ्या एका कंपनीचें विमान अशाच गैरसमजानें त्याच डोंगरावरून थोडक्यांत वांचून गेलें होतें. त्या कंपनीनें आपल्या वैमानिकांस सावध केलें. इतरांपर्यंत ती वार्ता गेली नाहीं. म्हणजे साधन उपलब्ध होतें, पण तें अप्रकाशित राहिलें. दप्तरांत पडून राहिलेल्या कागदामुळें इतिहास अपुरा राहतो, हें आपण जाणतों. त्यामुळें माणसेंहि मरतात, हें येथें दिसलें. यावरूनच १९७६ मध्यें अमेरिकेंत अशी व्यवस्था निघाली, कीं वैमानिकानें आपली चूक वा थोडक्यांत टळलेला प्रसंग निर्भयपणें कळवावा, त्याचें नांव गुप्त ठेवावें, आणि धडा मात्र सर्वांस द्यावा.

त्याच अपघातानंतर आणखी एक उपाय अनिवार्य झाला. मूळचे कॅनडाचे अभियंते डॉन बेटमन यांनीं जमीन जवळ येतांच वैमानिकास इशारा देणारें यंत्र सिद्ध केलें होतें. तें मोठ्या प्रवासी विमानांत असलेंच पाहिजे असा नियम अमेरिकेनें केला व पुढें तो जगभर पसरला. आरंभीचें यंत्र केवळ खालचें अंतर मोजी. उभा कडा समोर आला तर सूचना उशिरां मिळे. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत त्यास भूप्रदेशाचे नकाशे जोडण्यांत आले, आणि सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर हातीं आलेले नकाशेहि त्यासाठीं मिळविण्यांत आले. आज सह्याद्रीवरून रात्रीं जाणाऱ्या विमानास पुढील डोंगर दिसत नसला तरी ठाऊक असतो. हें ज्ञान घाटकोपर, जुन्नर, व्हर्जिनिया अशा अनेक डोंगरांवर मेलेल्यांचें ऋण आहे.

गतवर्षीं आषाढांत आम्ही विमानानें मुंबईस येत असतां पावसामुळें न उतरतां आम्हांस अहमदाबादेस नेण्यांत आलें. सहप्रवासी कंपनीच्या नांवानें बोटें मोडूं लागले. आम्ही स्वस्थ बसलों होतों. जी कंपनी उतारूंचा रोष पत्करून विमान परतविते ती आपलें काम जाणते, असें आमचें मत आहे. वेळ पाळणें हा विमानकंपनीचा गुण खरा. पण तो दुसरा गुण.

यावर एक रास्त आक्षेप येतो. चौकशीचा हेतु केवळ पुनरावृत्ति टाळणें, दोष लावणें नव्हे, असें शिकागोच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय करारास जोडलेल्या तेराव्या परिशिष्टांत म्हटलें आहे. मग ज्यांचे आप्त गेले त्यांस न्याय कोणी द्यावा? आमचें उत्तर असें, कीं न्याय द्यावाच. पण तें न्यायासन निराळें असावें. शिक्षेच्या भीतीनें साक्षीदार मौन धरील तर कारण कायमचें बुडेल. तसेंच उतावीळपणाहि नसावा. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेस विमान कोसळून विमानांतील २४१ व जमिनीवरील १९ असे २६० जण गेले, तेव्हां चौकशीचा प्राथमिक अहवाल यावयास एक महिना लागला. पण दुसऱ्या दिवसापासूनच घरोघर निर्णय होऊं लागले होते. साधनें हातीं येण्यापूर्वीं निर्णय करणें यास आपल्या मंडळींत काय म्हणतात तें सर्वांस विदित आहे.

शेवटीं एक विनंति. जुन्नरकडील त्या अपघाताचा निष्कर्ष छापील रूपांत आहे. परंतु त्या रात्रीं आवाज ऐकलेल्या, भर पावसांत डोंगर चढून गेलेल्या, परक्या देशांतील मृतांस प्रथम पाहिलेल्या गांवकऱ्यांची बाजू कोणत्याहि स्थानिक इतिहासांत आम्हांस आढळली नाहीं. त्या वेळचीं दहा वर्षांचीं मुलें आज सत्तरी ओलांडून गेलीं आहेत. ज्यांच्या घरीं त्या प्रसंगाची आठवण, पत्र, छायाचित्र वा टिपण असेल त्यांनीं तें मंडळाकडे धाडावें. तारीख, गांव व सांगणाराचें नांव यांसह. नाणेघाटांतील लेख कोरणारांनीं आपल्या काळाची नोंद ठेवली म्हणून दोन हजार वर्षांनीं आपण ती वाचतों.

आणि त्या मुलास, तो आतां पन्नाशीच्या घरांत असेल, या लेखानें आम्ही आमचें उत्तर मागें घेतों. तुझा प्रश्न बरोबर होता, बाळ. उत्तर चुकलें होतें.