रोहित्र-गाभ्याची इष्टतम रचना

रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, लोखंड आणि तांबे कुठे, किती व कोणत्या आकारात बसवावे हे ठरवण्याची गणिती रीत.

लोखंडी गाभ्याभोवतीचे तांब्याचे वेटोळे गोल असले की तार सर्वांत कमी लागते. पण गाभा रचायचा तो सपाट पत्र्यांचा. वर्तुळात एकच चौरस बसवला तर जेमतेम ६४ टक्के जागा भरते. दोन रुंदींचे पत्रे वापरून अधिक-चिन्हासारखा छेद केला, की हे प्रमाण ७९ टक्क्यांवर जाते. त्यासाठी रुंदी व्यासाच्या सुमारे ०.८५ व ०.५३ पट घ्यावी लागते. तीन रुंदींनी ८५, चारांनी ८९. पुढे प्रत्येक पायरीचा लाभ घटतो आणि कापणी-रचणीची मजुरी मात्र वाढत जाते.

लोखंडातील व तांब्यातील ऊर्जेची हानी समान असताना कार्यक्षमता कमाल असते, हे पाठ्यपुस्तकी सूत्र देखणे खरे, पण अपुरे. तांब्यातील हानी भाराच्या वर्गाप्रमाणे बदलते, तर लोखंडातील हानी वीज चालू असेपर्यंत अखंड होत राहते. गुजरातेत ‘ज्योतिग्राम’ योजनेने शेतीच्या वाहिन्या गावठाणापासून वेगळ्या केल्या; शेतीला दिवसाकाठी सुमारे आठ तासच वीज मिळू लागली. अशा वाहिनीवरच्या रोहित्रात महागडा, कमी हानीचा पत्रा घालण्याचा फायदा सतत चालू राहणाऱ्या घरगुती रोहित्राच्या मानाने कमीच.