गावाच्या नावामागची गोष्ट : आयरिश लोकसाहित्य संग्रहाची वाटचाल

‘किल्केनी’ म्हणजे संत केनिकचे चर्च; ‘टिपरेरी’ या नावात एक झरा आहे. इंग्रजी नकाशांत अशा हजारो आयरिश नावांचा नुसता उच्चार उरला. अर्थ आणि त्यामागची कथा खेड्यांतल्या वृद्धांना मुखोद्गत होती, आणि ती पिढी मावळत होती. हा ठेवा टिपून घेण्यासाठी १९२७ मध्ये आयरिश लोकसाहित्य मंडळ स्थापन झाले. त्याच्या नियतकालिकाचे संपादक शेमस ओ डिल्यार्गा त्याआधीपासूनच केरी काउंटीतील शॉन ओ कॉनल या निरक्षर कथेकऱ्यासमोर वही घेऊन बसत होते.

१९३५ मध्ये सरकारने आयरिश लोकसाहित्य आयोग नेमला. ओ डिल्यार्गा त्याचे मानद संचालक, तर शॉन ओ सुलवॉन अभिलेखपाल झाले. पैसा तुटपुंजा होता. संग्राहक सायकलवरून गावोगाव हिंडत, मेणाच्या नळकांड्यांवर कथा ध्वनिमुद्रित करीत आणि मग शब्दन् शब्द कागदावर उतरवीत. नळकांडी तासून पुन्हा वापरावी लागत. शब्द वाचले, बहुतेक आवाज मात्र कायमचे गेले.

संस्थेच्या इतिहासातले सर्वांत तेजस्वी पर्व शाळकरी मुलांचे आहे. १९३७ ते १९३९ या काळात २६ काउंट्यांतील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांनी या कामात भाग घेतला. मुलांनी घरी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचे आणि शाळेत येऊन लिहायचे. शेताला हे नाव का पडले, पवित्र विहिरीचे पाणी कोणत्या दुखण्यावर चालते, पऱ्यांचा वास असलेल्या मातीच्या गोल कोटावर नांगर का घालायचा नाही, दुष्काळात गावाचे काय झाले, असे सारे वह्यांत उतरले. निवडक मजकूर मोठ्या वह्यांत नकलून घेतला गेला. सगळी मिळून सुमारे ७,४०,००० पाने जमली. उत्तरेकडील सहा काउंट्या मात्र या योजनेबाहेर राहिल्या.

१९७१ मध्ये आयोगाचे काम डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजकडे गेले. २०१७ मध्ये युनेस्कोने आयोगाच्या संग्रहाची ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत नोंद केली. मुलांच्या हस्ताक्षरातील मजकूर टंकलिखित करण्याच्या कामी असंख्य स्वयंसेवक झटले. आज तो मजकूर ‘डूखस’ या संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधून कोणालाही विनामूल्य वाचता येतो.