यानहिंसा आणि नुकसानभरपाई

मोटारगाडीची धडक झाली कीं, नुकसान कोणीं भरून द्यावयाचें, हा तंटा चालक, मालक व विमा उतरणारी मंडळी यांजमध्यें सुरू होतो. हा प्रश्न यंत्रयुगाबरोबर उपजला अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाहीं. बैलगाडी व रथ यांच्या संबंधानें धर्मशास्त्रकारांनीं त्याचा बारकाईनें विचार केला आहे. मात्र त्यांत राजाच्या दंडापलीकडे कांहीं नाहीं, ज्याचें नुकसान झालें तो कोरडाच राहतो, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील श्लोक २९० ते २९८ हें यानप्रकरण होय. आरंभीं दंडास अपवाद असे दहा प्रसंग सांगितले आहेत : वेसण तुटणें, जूं मोडणें, गाडी आडवी जाणें, मागें सरणें, आंस मोडणें, चाक मोडणें, बंध तुटणें, जोतें तुटणें, कासरा तुटणें, आणि ‘दूर हो’ असें गाडीवानानें ओरडून सांगितलेलें असणें. पहिल्या नवांत गाडीवानाचा उपाय खुंटलेला असतो. दहाव्यांत त्यानें आपलें कर्तव्य केलेलें असतें.

पुढें दायित्वाची वांटणी आहे. गाडीवान अकुशल असल्यामुळें गाडी भलतीकडे गेली व हिंसा झाली, तर मालकास दोनशें पण दंड. कारण तसा माणूस त्यानेंच नेमला. गाडीवान कुशल असेल, तर दंड त्याचा त्यालाच. अकुशल गाडीवानाच्या गाडींत जे बसले, त्यांसही प्रत्येकीं शंभर पण.

१९०९ सालीं श्यामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत याहून सूक्ष्म भेद आढळतो. हांकणारा अल्पवयी असेल, तर गाडींत बसलेला मालक दंड्य. मालक नसेल, तर बसलेला इसम. हांकणारा सज्ञान असेल, तर तो स्वतः. पोराच्या हातीं दिलेली किंवा माणसावांचून सोडलेली गाडी राजानें जप्त करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ च्या दुरुस्तीनें आलेलें कलम १९९-अ पाहावें : अल्पवयी मुलानें गुन्हा केल्यास पालक अथवा मालक दोषी, आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. विचाराचें साम्य उघड आहे.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. यानप्रकरणाच्या अगदीं अलीकडे, श्लोक २८७ मध्यें, अंगास इजा करणारानें ती बरी होईपर्यंतचा खर्च द्यावा असें आहे. आणि २८८ मध्यें, जाणून वा न जाणून दुसऱ्याच्या द्रव्याची हानि करणारानें धन्याचें समाधान करावें व तेवढीच रक्कम राजास द्यावी असें आहे. म्हणजे भरपाई व दंड हीं दोन निराळीं देणीं होत, आणि प्रकरणाच्या क्रमानें पहिलें देणें यानहिंसेसही लागूं पडतें. शिवाय वरील दहा प्रसंगीं मनूनें माफी दिली ती दंडाची. धन्याच्या समाधानाची माफी तेथें शब्दानें सांगितलेली नाहीं. माझ्या मतें आक्षेप येथें ढांसळतो.

याच्या उलट याज्ञवल्क्याचें वचन दाखवितां येईल. वेसण तुटणें इत्यादि प्रसंगीं मालकास दोषच नाहीं, असें तो व्यापक शब्दानें म्हणतो. आणि त्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा आपल्या प्रांतीं फार मान्य. परंतु तोच याज्ञवल्क्य लगेच पुढें सांगतो कीं, शिंगाच्या वा दाढेच्या जनावरापासून सोडविण्यास समर्थ असून मालक स्वस्थ बसला तर त्यास प्रथम साहसदंड, व संकटांतल्यानें हांक मारली असतां दुप्पट. उपेक्षेस माफी नाहीं, हें तत्त्व दोहोंकडे एकच.

१९८८ च्या कायद्यानें त्रयस्थाच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें, कोणाचा दोष सिद्ध न करतांही, मृत्यूबद्दल पांच लक्ष रुपये ठरविले. दोषाविना भरपाईचें हें तत्त्व मनूच्या ‘न जाणून’ या पदाशीं जवळचें आहे.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. वचनाचा अर्थ पंडितांच्या वादानें ठरतो, पण त्याचा अंमल निवाडपत्रांनींच कळतो. ज्यांच्या दप्तरांत गाडीखालीं सांपडलेल्या गुराचा वा माणसाचा एखादा निवाडा असेल, त्यांनीं त्याची नक्कल प्रसिद्ध करावी, ही विनंती.